पिकअपमागे कॅरॅव्हॅन ट्रेलर: वजनकाट्यापासून कसारा घाटापर्यंत

कांद्याच्या हंगामात पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या रस्त्याला लागलं, की पिकअप किती वजन सोसते ते डोळ्यांनी दिसतं. मागचे पाटे सरळ होऊन उलटे वाकलेले, नाक वर, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. हे रोजचं असल्यामुळे नाशिकमध्ये कॅरॅव्हॅन ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "अहो, दोन टन माल नेते ती गाडी, ट्रेलरचं काय घेऊन बसलात!" ओढायला नेतेच. सव्वा टनाचा ट्रेलर सपाट रस्त्यावर मागे आहे याचाही विसर पडतो. त्रास असतो तो बॉलवर, म्हणजे पिकअपच्या मागे ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, पडणाऱ्या शे-सव्वाशे किलोंचा, आणि उतारावर थांबण्याचा. आमची सगळी तयारी या दोन गोष्टींभोवती झाली.

गाडी म्हणजे खासगी पाटीची डबल कॅब पिकअप: डिझेल, मॅन्युअल गिअर, चेसिसवर बांधणी, मागे पाटे, व्हीलबेस तीन मीटरच्या थोडा वर. ट्रेलर एका एक्सलचा, रिकामा ८६० किलो, सामान-पाणी भरून ११८० किलो.

कागदांचं आधी उरकलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. म्हणजे नोंदणी, मागची नंबरप्लेट आणि विमा, तिन्ही वेगळे. एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलर टी-१ गटात, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२ मध्ये. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेसर कटिंगपासून पावडर कोटिंगपर्यंत सगळं हाताशी असल्यामुळे "ट्रेलर आपणच बनवून घेऊ" हा मोह इथे फार होतो. शेड उत्तम बनवून देईलही, पण मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र नसलेल्या ट्रेलरची नोंदणी होत नाही आणि तो अंगणात उभा राहतो. विकणाऱ्याकडून फॉर्म २१ आणि २२ हातात आल्यावरच उरलेले पैसे द्यावेत. फॉर्म २० भरून पेठ रोडच्या आरटीओत पुढचं काम होतं. पिकअपच्या विमा कंपनीलाही हिच (बॉल धरणारा, चेसिसला लागणारा सांगाडा) बसवत असल्याचं ईमेलने कळवून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं "हो चालेल साहेब" दाव्याच्या वेळी कुणाला आठवत नाही.

ओढण्याची मर्यादा गाडीच्या इथल्या हँडबुकातून आणि कंपनीकडून लेखी घ्यावी. हायलक्स किंवा डी-मॅक्सला ऑस्ट्रेलियात ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी ३५०० किलोंची मर्यादा मिळते, आणि तिथले व्हिडिओ पाहून लोक तोच आकडा इथे धरतात. तिथला हिच वेगळा, ट्रेलरचे ब्रेक वेगळे, गाडीची मान्यताही वेगळी. तसंही बहुतेक वेळा ओढण्याच्या मर्यादेआधी पिकअपचं स्वतःचं कमाल वजन आडवं येतं. ते कसं, हे काट्यावर कळतं.

आडगावकडे ट्रकवाले वापरतात त्या मोठ्या वजनकाट्यावर पहाटे जावं, मागे रांग नसते आणि काटेवाला हव्या तितक्या पावत्या करून देतो. तीन वजनं लागतात. पहिलं, माणसं बसलेली, टाकी भरलेली, हौद्यात सामान असलेली पिकअप, ट्रेलरशिवाय. दुसरं, ट्रेलर जोडून, पण पिकअपची चारच चाकं प्लॅटफॉर्मवर आणि ट्रेलरची चाकं खाली. तिसरं, फक्त ट्रेलरची चाकं वर. पहिल्या दोन वेळी पुढची चाकं प्लॅटफॉर्मच्या पुढे उतरवून मागच्या एक्सलचं वजनही वेगळं घ्यायचं. आमचे आकडे असे आले: नुसती पिकअप २३३०, त्यात मागचा एक्सल १२००. जोडून पिकअप २४५०, मागचा एक्सल १३७०. ट्रेलरची चाकं १०६०. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की बॉलवरचे १२० किलो, आणि १०६० अधिक १२० म्हणजे ट्रेलरचे एकूण ११८०. बॉलवरचं वजन एकूणच्या दहा टक्क्यांवर आलं.

आता त्या आकड्यांकडे नीट बघा. बॉलवर आले १२० किलो, पण मागचा एक्सल वाढला १७० किलोंनी. वरचे ५० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. बॉल मागच्या एक्सलच्या जवळपास सव्वा मीटर मागे आहे. एक्सल हा टेकू, हिच ही तरफ. हौद्यात तेच १२० किलो एक्सलच्या वर ठेवले असते तर पुढचं टोक हललं नसतं. स्टिअरिंग आणि ब्रेकचं मोठं काम पुढच्या चाकांकडे असतं, म्हणून हे ५० किलो महत्त्वाचे. दुसरी गोष्ट, या गाडीचं कमाल वजन २५१० किलो. ट्रेलर जोडून शिल्लक राहिले ६०. हौद्यावर कॅनॉपी, वर रूफ रॅक, मागे स्टीलचा जाड बंपर असं सगळं चढवलेल्या गाडीत हे ६० केव्हाच संपलेले असतात, ट्रेलर सव्वा टनाचा असो की पाऊण टनाचा.

मोठ्या काट्याचं माप बहुतेक ठिकाणी १० किलोंच्या टप्प्यात येतं, त्यामुळे वजाबाकीने काढलेले १२० हे ११० ते १३० काहीही असू शकतात. पक्का आकडा हवा तर भुसार दुकानात पोती तोलायला असतो तो ३०० किलोंचा प्लॅटफॉर्म काटा आणावा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं त्याचं तोंड, बॉलच्या उंचीवर टेकवावा आणि सरळ वाचावं. चाकांना आधी उटी (अडवायला दगड किंवा ठोकळा) लावा. जॉकी व्हील, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालचं वर-खाली होणारं छोटं चाक, जमिनीला लागलेलं नाही ना, तेही बघा. ते लागलेलं असलं की आकडा कमी दिसतो आणि माणूस खूश होतो.

बॉलवर दहा ते पंधरा टक्के वजन हवं. कमी पडलं की ट्रेलर वेगात डुलायला लागतो आणि डुलणं वाढतच जातं. जास्त झालं की पिकअप मागे बसते. हे वजन सामान हलवून जमवायचं असतं. आमच्या ट्रेलरची ८० लिटरची पाण्याची टाकी एक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आहे, आणि एक्सलपासून बॉल ३.६ मीटर. टाकी भरली की बॉलवरचं वजन १८ किलोंनी घटतं. म्हणजे टाकी रिकामी ठेवून १२० मोजले आणि मुक्कामाच्या आधी भरली, तर बॉलवर उरतात १०२ आणि एकूण वजन मात्र वाढलेलं: आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून काट्यावर टाकी भरूनच जायचं. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात टाकणारे बरेच दिसतात. तिचं वजन पन्नास किलोंच्या वर असतं आणि ती जागा तिच्यासाठी सगळ्यात वाईट. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोंत बसते. ती एक्सलच्या जरा पुढे, पलंगाखाली.

हिचबद्दल आमचं मत ठाम आहे: तो बोल्टने बसतो, वेल्डिंगने नाही. चेसिसच्या पट्टीला वेल्डची उष्णता लागते तिथेच पुढे भेग पडते, आणि ती आतून पडते. वेल्डिंगच्या करंटने बॉडी कंट्रोल मॉड्यूल, एबीएस अशी गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स बिघडायची भानगड असते ती वेगळीच. कंपनीने मागच्या बाजूला दिलेली भोकं वापरणारा हिच घ्यावा. नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर चेसिसच्या उभ्या बाजूत, वरच्या-खालच्या पट्टीत कधीही नाही. आम्ही दोन्ही बाजूंना एम-१२, १०.९ ग्रेडचे बोल्ट वापरले, खाली जाड वॉशर. हिचसोबतच्या कागदावर दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळायचा. या मापाला तो साधारण ११० ते १२० न्यूटन-मीटर असतो. पावडर कोटिंगचा थर बोल्टखाली दबून पातळ होतो आणि टॉर्क उतरतो, म्हणून टेकणाऱ्या जागेवरचा रंग खरवडून घ्यावा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाना पुन्हा फिरवावा. गाडीला आधीपासून असलेला टो-हूक हा अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असतो, त्याला ट्रेलर लावत नाहीत. ट्रॅक्टर ट्रॉलीची पिन आणि कडीही नको. तिच्यात दोन बोटांचा खेळ असतो आणि प्रत्येक ब्रेकला धक्का बसतो.

बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं, ते वाचूनच बॉल घ्यायचा. ५० मिलिमीटर आणि दोन इंच हे एकच, असं दुकानदार सांगतो. दोन इंच म्हणजे ५०.८. ५० च्या कपलरमध्ये ५०.८ चा बॉल पूर्ण बसत नाही, आणि बसल्यासारखा वाटतो तेव्हा तर जास्त धोक्याचा. उलट केलं तर खडखड. जोडल्यावर कुलूप पडलं का हे बघायची पद्धत सोपी आहे: जॉकी व्हील फिरवत राहायचं, पिकअपचं मागचं टोक ट्रेलरसोबत उचललं गेलं पाहिजे.

उंचीचं गणित वेगळं. पिकअपचा हिच जमिनीपासून उंच, ट्रेलरचा कपलर खाली. त्यासाठी खाली उतरणारा माउंट, म्हणजे हिचमध्ये घालायचा बॉलचा दांडा, लागतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांतली हवा बरोबर, सामान भरलेलं, चेसिसवर स्पिरिट लेव्हल. पुढे किंचित झुकलेला चालेल, मागे झुकलेला नाही. मागे झुकला की आपल्याकडच्या गतिरोधकांवर त्याचं शेपूट घासतं, हे लवकरच कळतं.

माउंट ठरवायच्या आधी चारही चाकांच्या कमानींची उंची जमिनीपासून टेपने मोजून खडूने लिहून ठेवली होती. जोडल्यावर मागे ३५ मिलिमीटर खाली, पुढे ७ वर. एवढ्यावर काही करायची गरज नसते, हेडलाइट एक घर खाली घेतले की झालं. पण गॅरेजमध्ये लगेच सुचवलं जातं, "एक जादा पाटा टाकून घ्या." पाटा टाकला की मागचं टोक वर येतं आणि गाडी छान दिसते, पण पुढच्या चाकांवरून उचललेले ५० किलो परत पुढे जात नाहीत. एअर बॅगचंही तसंच. ते वजन परत पुढे ढकलणारी एकच गोष्ट, वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे स्प्रिंगच्या दोन दांड्या लावलेला हिच. बॉलवर दीडशे-पावणेदोनशे किलो यायला लागले आणि पुढची कमान डोळ्यांना दिसेल इतकी उचलली गेली तर तो घ्यावा, तोही हिच आणि कपलर बनवणाऱ्या दोघांची परवानगी असेल तरच. जादा पाटा रिकाम्या गाडीत कंबर मोडतो हे वेगळं सांगायला नको.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तक्रारीही इथेच येतात. सात पिनांच्या गोल सॉकेटची आंतरराष्ट्रीय मांडणी अशी: १ पिवळी, डावा इंडिकेटर; २ निळी, मागचा फॉग; ३ पांढरी, अर्थ; ४ हिरवी, उजवा इंडिकेटर; ५ तपकिरी, उजवा टेल; ६ लाल, ब्रेक; ७ काळी, डावा टेल. प्लग तोच असूनही आत वायरी भलत्याच जोडलेल्या ट्रेलर बाजारात आहेत, ऑस्ट्रेलियात तर इलेक्ट्रिक ब्रेक पाचव्या पिनवर असतो. रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक पिन टेस्ट लॅम्पने बघावी.

नव्या पिकअपच्या टेललाइटच्या वायरला सरळ चिमटा लावून ट्रेलरचे दिवे जोडू नयेत. गाडीचा कंट्रोलर बल्बवरचा करंट मोजत असतो. भार वाढला की तो बिघाड समजू शकतो, ट्रेलरला एलईडी असतील तर बंद असतानाही ते मंद चमकतात, आणि एखादा शॉर्ट झाला तर मॉड्यूलच जातं. बायपास रिले बॉक्स लावावा: तो गाडीच्या वायरींतून फक्त इशारा घेतो आणि ट्रेलरच्या दिव्यांना वीज थेट बॅटरीकडून, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून देतो. बॉक्स आतल्या बाजूला, टेललाइटच्या मागे. सॉकेटचं तोंड खाली. इगतपुरीच्या एका पावसाळ्यात उघड्या सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात.

अर्थ वायर ट्रेलरपर्यंत वेगळी न्यावी. बॉल आणि कपलरमधून अर्थ मिळतो म्हणून काही जण ती सोडून देतात. तिथे ग्रीस असतं, रंग असतो, आणि खड्ड्यात संपर्क तुटतो. अर्थ गेल्याची खूण अशी: ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतात, किंवा इंडिकेटरबरोबर सगळेच दिवे लुकलुकतात. ते दिसलं की बल्ब बदलत बसू नका, तीन नंबरची पिन बघा.

ट्रेलरमधली बॅटरी चालता चालता भरायची तर जाड केबल लागते. आमच्या चार्जरला २५ अँपिअर लागतात आणि बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत जाण्या-येण्याची लांबी मिळून १४ मीटर. ६ स्क्वेअर मिलिमीटरच्या केबलमध्ये एक व्होल्ट वाटेतच पडतो, १० च्या केबलमध्ये ०.६. म्हणून १० ची घेतली, वेगळ्या ५० अँपिअरच्या अँडरसन प्लगने (जास्त करंटचा दोन वायरींचा प्लग) जोडली, आणि ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज ट्रेलरच्या टोकाला लावून उपयोग नाही. केबल घासली जाते ती वाटेत, चेसिसवर. केबल ऑटो ग्रेडची, नालीदार पाइपमध्ये, सायलेन्सरपासून लांब. लिथियम बॅटरीला मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच.

आता ब्रेक. छोट्या ट्रेलरला दोन प्रकार मिळतात. ओव्हररन ब्रेकमध्ये ट्रेलर पुढे ढकलतो तेव्हा कपलर आत सरकतो आणि दोरी ओढली जाते. वायर नाही, कंट्रोलर नाही, सपाट रस्त्यावर उत्तम. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, म्हणून ब्रेकही सतत थोडे लागलेले राहतात. इलेक्ट्रिक ड्रममध्ये ताबा चालवणाऱ्याच्या हातात असतो. नाशिकहून मुंबईकडे निघालं की कसारा टळत नाही, त्यामुळे आम्ही इलेक्ट्रिक घेतला. दहा इंची ड्रमचा प्रत्येक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, दोन चाकांना सहा. चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर पुरते. मागचा फॉग नसल्यामुळे दोन नंबरची पिन ब्रेकला दिली आणि तसं लिहिलेला स्टिकर सॉकेटच्या झाकणावर लावला. कंट्रोलर गुडघ्याच्या वर, चालवतानाच त्याची पट्टी बोटाने दाबता येईल असा.

जुळवायचं असं: चाक जॅकवर उचलून ड्रमच्या मागच्या खिडकीतून ॲडजस्टरचं दातेरी चाक फिरवत लायनर घट्ट लागेपर्यंत आणायचे, मग चाक हलकं घासत फिरेल इतके सैल करायचे. मग सुट्टीच्या दिवशी अंबड एमआयडीसीच्या रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात पिकअपचा ब्रेक न लावता फक्त कंट्रोलरची पट्टी दाबायची. ट्रेलरने गाडी मागे खेचल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे. ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत गेन (कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर) वाढवायचा, मग एक पायरी खाली. नवीन लायनर बसेपर्यंत पकड कमीच असते, दोन-अडीचशे किलोमीटरनंतर पुन्हा जुळवावं लागतं. बेअरिंगला ग्रीस भरताना हात आखडता ठेवा. जादा ग्रीस सील फोडून लायनरवर येतं, आणि ग्रीस लागलेला लायनर साफ होत नाही, बदलावाच लागतो. हे लायनर आणि मॅग्नेट इथल्या दुकानात मिळत नाहीत, एक जादा जोडी ट्रेलरसोबतच मागवून ठेवावी.

ट्रेलर सुटला तर त्याने स्वतः थांबावं म्हणून ब्रेकअवे स्विच असतो. त्याला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची यूपीएसची बॅटरी चालते, ती कुठेही मिळते. त्याची दोरी पिकअपच्या चेसिसला अडकवावी, बॉलला गुंडाळू नये. बॉलच सुटला तर दोरी त्याच्यासोबत जाईल. सेफ्टी चेन दोन, कपलरच्या खाली एकमेकींवरून फुलीसारख्या, वळणाला पुरेल इतक्याच सैल.

टायरचा लोड इंडेक्स वाचायला दोन मिनिटं लागतात आणि ती कुणी देत नाही. ट्रेलरच्या दोन चाकांवर १०६० म्हणजे एकावर ५३० किलो. लोड इंडेक्स ८७ म्हणजे ५४५ किलो: कागदावर पुरतो, एप्रिलच्या उन्हात काँक्रीटच्या रस्त्यावर नाही. आम्ही ९८ चा, म्हणजे ७५० किलोंचा घेतला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून बाजूवरचा चार अंकी शिक्का बघावा. २३२४ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा.

कॅरॅव्हॅन पिकअपपेक्षा रुंद असते, त्यामुळे आरशांना जोड लागते. ती नसेल तर द्वारका सर्कलला डावीकडून आलेली रिक्षा दिसतच नाही. रिव्हर्स सेन्सर ट्रेलर बघून अखंड ओरडतो, त्याला एक स्विच.

रस्त्यावर आल्यावर पहिली ओळख होते ती बसच्या झोताची. उड्डाणपुलावर व्होल्वो ओलांडून जाते तेव्हा ट्रेलर आधी बाजूला ढकलला जातो, मग आत ओढला जातो. एक-दोन झोक्यांत थांबला तर वजन बरोबर आहे. थांबलाच नाही तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरची पट्टी हलकेच दाबा. पिकअपचा ब्रेक जोरात दाबला की मागून ट्रेलर ढकलतो आणि काम बिघडतं. साठ-सत्तरच्या वर जाण्यात अर्थ नाही. डिझेलही तसंच, एरवी बारा-तेराची गाडी आठ-नऊवर येते. सप्तशृंगीच्या घाटात ट्रेलर नेऊ नये, तो नांदुरीला उतरवून ठेवावा.

कसारा घाटात इगतपुरीपासून खाली साधारण ३०० मीटर उतरायचं असतं. पिकअप आणि ट्रेलर मिळून साडेतीन टन म्हणजे जवळपास १० मेगाज्यूल ऊर्जा; तीसेक लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता. ती सगळी ब्रेकने घेतली तर लायनर धूर काढतात. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये यायचं आणि इंजिनला वेग धरू द्यायचा. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ, ठामपणे, मग पूर्ण सोडायचा. सतत पाय टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट. जून २०२५ मध्ये खुला झालेला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा त्याच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यामुळे उताराला सोपा, पण तिथे शेजारून जाणाऱ्यांचा वेग जास्त, म्हणून डावी लेन सोडायची नाही.

घाट उतरला की सुरक्षित जागी थांबून दोन्ही हबजवळ हाताची पाठ न्यावी. दोन्ही सारखेच कोमट हवेत. एकच चटका देत असेल तर तो ब्रेक जास्त लागतोय किंवा बेअरिंग आवळलेलं आहे. दोन्ही गार आणि पिकअपचे ब्रेक तापलेले असतील तर ट्रेलरला वीजच जात नाहीये, प्लग बघा. त्याच थांब्यावर चाकांचे नट पान्याने तपासावेत.

घरी आल्यावर माउंट काढून ठेवायचा. तो तसाच राहिला की पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या नडग्या फुटतात, आणि मागून कुणी धडकलं तर धक्का बंपरऐवजी सरळ चेसिसवर जातो. हिचच्या चौकोनी तोंडाला रबरी बूच लावा, नाहीतर आत चिखल सुकतो आणि पुढच्या वेळी माउंट हातोडीशिवाय जात नाही.